रेव्ह. डॉ. जॉन विल्सन व पारशी लोकांचें शास्त्र

कोंकणच्या किनाऱ्यावर सावित्री नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें तिच्या उत्तरेस हरिहरेश्वर व दक्षिणेस बाणकोट अशीं दोन गांवें समोरासमोर वसलेलीं आहेत. हरिहरेश्वर हें जुनें क्षेत्र असून काळभैरवाच्या दर्शनास व समुद्रकांठच्या खडकांवरून जाणाऱ्या प्रदक्षिणेस लांबलांबचे यात्रेकरू तेथें येतात. बाणकोट आज लहानसें गांव आहे. परंतु कंपनी सरकारच्या काळीं तेथील किल्ला फोर्ट व्हिक्टोरिया या नांवानें ओळखला जात असे, आणि रत्नागिरीस जाण्यापूर्वीं दक्षिण कोंकणचें सरकारी ठाणें तेथेंच होतें. याच खाडीच्या मुखाशीं १८२३ सालीं स्कॉटलंडच्या मिशनरी मंडळींनीं आपलें पहिलें ठाणें घातलें. आणि याच किनाऱ्यावर १८२९ सालीं चोवीस वर्षांच्या एका तरुणानें मराठीचीं पहिलीं अक्षरें गिरविलीं. ज्यांच्या नांवाचें महाविद्यालय मुंबईस गिरगांवच्या चौपाटीवर उभें आहे, ते डॉ. जॉन विल्सन हेच होत.

या पुरुषाचें चरित्र अनेक बाजूंनीं सांगण्यासारखें आहे. आज त्यांतील एकच बाजू वाचकांपुढें मांडण्याचा हेतु आहे. परक्या लोकांच्या धर्माविषयीं बोलावयाचें, तर त्यांचा ग्रंथ आधीं त्यांच्या मूळ भाषेंत वाचला पाहिजे, हा नियम त्यांनीं स्वतःस घालून घेतला व तो पाळण्यासाठीं पुष्कळ श्रम केले. त्या श्रमांचें फळ त्यांनीं इच्छिलें होतें तसेंच सर्वस्वीं आलें नाहीं. तें कोणास व कसें मिळालें, हेंच या चरित्रांत शिकण्याजोगें आहे.

ज्या लोकांचा ग्रंथ त्यांनीं हातीं घेतला ते पारशी, म्हणजे पारस देशचे लोक. पवित्र शास्त्राच्या वाचकांस हा देश परका नाहीं. ज्या कोरेश राजानें ख्रिस्तपूर्व ५३९ सालीं बाबेल घेतलें व यहूदी लोकांस यरुशलेमास परत जाऊं दिलें, तो पारसाचाच राजा. दारयावेशाच्या कारकीर्दींत यरुशलेमचें मंदिर पुन्हां बांधून पुरें झालें. नहेम्या हा अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता, आणि एस्तेर राणी शूशन राजवाड्यांत अहश्वेरोशाच्या घरीं नांदली. त्या साम्राज्याची सीमा हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंत होती असें एस्तेरच्या पुस्तकाच्या आरंभीं सांगितलें आहे. आणि दारयावेशानें खडकांवर कोरविलेल्या लेखांतही सिंधुकांठच्या प्रांताचें नांव आढळतें. ख्रिस्तपूर्व ३३० च्या सुमारास शिकंदरानें तें राज्य मोडलें. पुढें इ. स. २२४ पासून सासानी घराण्यानें पारसांत पुन्हां मोठें राज्य चालविलें व जरथुष्ट्राच्या धर्मास राजाश्रय दिला. अरबांच्या स्वाऱ्यांपुढें तेंही टिकलें नाहीं. ६४२ सालीं निहावंदच्या लढाईंत सासानी सैन्याचा मोड झाला, आणि ६५१ सालीं यज्दगर्द हा शेवटचा बादशहा मारला गेला. पारशी लोक आपला शक अद्यापि त्याच्या राज्यारोहणापासून, म्हणजे ६३२ पासून, मोजतात.

आपला धर्म सुरक्षित राखावा म्हणून त्यांतील कांहीं लोक गलबतांत बसून गुजराथच्या किनाऱ्यास लागले. संजाण येथें तेथील राजानें त्यांस कसा आश्रय दिला, ती परंपरेची हकीकत किस्सा-इ-संजान या सोळाव्या शतकाच्या अखेरच्या फारसी काव्यांत आली आहे. साष्टींतील कान्हेरीच्या एका लेण्यांत १००९ व १०२१ या सालीं तेथें गेलेल्या पारशी मंडळींनीं पहलवी लिपींत आपलीं नांवें कोरून ठेविलीं आहेत. त्यावरून आपल्या प्रांताशीं त्यांचा संबंध किती जुना आहे हें दिसतें. मुंबईची भरभराट होऊं लागली तसे ते गोदींत, व्यापारांत व छापखान्यांत पुढें आले. १८२२ सालीं निघालेलें मुंबई समाचार हें गुजराथी वर्तमानपत्र फर्दुनजी मर्झबान या पारशी गृहस्थानेंच सुरू केलें.

जॉन विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजीं स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील लॉडर या लहानशा गांवीं झाला. सात भावंडांत ते वडील. चौदाव्या वर्षीं ते एडिंबरोच्या विद्यापीठांत शिकावयास गेले. मध्यंतरीं शाळामास्तरकी व शिकवणी करून त्यांनीं आपलें शिक्षण पुढें चालविलें. हिंदुस्थानांत उपयोग होईल म्हणून थोडें वैद्यकही शिकून घेतलें. १८२८ सालीं त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षीं मार्गारेट बेन या विदुषीशीं त्यांचा विवाह झाला, आणि फेब्रुवारी १८२९ मध्यें हें जोडपें मुंबईस उतरलें.

मुंबईंत राहून दुभाष्याकडून काम चालविणें त्यांस सहज शक्य होतें. तसें न करितां थोड्याच आठवड्यांत तीं दोघें बाणकोट व हर्णै या बाजूस गेलीं. तेथें इंग्रजी बोलणारें माणूस विरळा; शेतकरी, कोळी, भंडारी व भट-भिक्षुक यांच्याशीं बोलावयाचें तर मराठीवांचून गति नव्हती. सकाळीं शास्त्रीबोवांपाशीं व्याकरण, दुपारीं पाठांतर व सायंकाळीं लोकांत मिसळणें, हा भाषा शिकण्याचा जुना मार्ग मिशनरी मंडळींस चांगला ठाऊक होता, आणि त्याच मार्गानें विल्सनसाहेब इतके भरभर पुढें गेले कीं सुमारें सहा महिन्यांत ते मराठींत उपदेश करूं लागले. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईस परत येतांना त्यांनीं बरोबर आणिलेलें भांडवल म्हटलें म्हणजे ही भाषा. पुढें गुजराथी, हिंदुस्थानी, फारसी व संस्कृत यांचाही त्यांनीं अभ्यास केला. किनाऱ्यावरील बेने इस्राएल लोक मराठी बोलतात, परंतु त्यांच्या शास्त्राची भाषा इब्री आहे हें ध्यानांत घेऊन १८३२ सालीं त्यांनीं त्यांच्यासाठीं मराठींत इब्री व्याकरणाचें पुस्तक सिद्ध केलें. दुसऱ्याच्या घरीं जावयाचें तर त्याच्याच वाटेनें जावें, हा त्यांचा स्वभाव यावरून कळून येतो.

मार्गारेटबाईंनींही मराठी आत्मसात केली व मुंबईस येतांच मुलींच्या शाळा काढल्या. मुलींस अक्षर शिकविणें हें त्या काळीं घरोघर अशुभ मानीत. तरी एकामागून एक अशा शाळा त्यांनीं उभ्या केल्या. १८३२ सालीं विल्सनसाहेबांनीं इंग्रजी शाळा काढली. तीच वाढत जाऊन पुढें विल्सन कॉलेज झाली. १९ एप्रिल १८३५ रोजीं मार्गारेटबाई मुंबईसच निवर्तल्या. या देशांत येऊन सहा वर्षें होतात न होतात तोंच पतीला हें दुःख सोसावें लागलें. पुढें त्यांच्या बहिणींनीं मुंबईस येऊन मुलींच्या शिक्षणाचें काम हातीं घेतलें.

पारशी लोकांशीं वादास आरंभ १८३१ सालीं झाला. प्रथम मासिकांतून व वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजूंचे लेख येऊं लागले. विल्सनसाहेबांस लौकरच कळून आलें कीं, ज्या ग्रंथाविषयीं हा वाद चालला आहे तो स्वतः वाचून पाहिल्याखेरीज बोलणें निरर्थक आहे. परंतु तो ग्रंथ वाचावा कसा? अवेस्ताचें मोठें भांडार काळाच्या उलथापालथींत नष्ट झालें होतें. जें उरलें तें मोबेद लोक पिढ्यानपिढ्या मुखोद्गत करून अग्नीपुढें म्हणत आले होते. त्याचा अर्थ जुन्या पहलवी भाषांतरावरून सांगावयाचा, आणि तें पहलवीही थोड्यांनाच कळे. बाराव्या शतकाच्या सुमारास नेर्योसंग धवल या पारशी पंडितानें यस्न ग्रंथाचें संस्कृत भाषांतर केलें होतें, तेंही या पहलवीवरूनच. युरोपांत आंकेतील द्यूपेरों या फ्रेंच विद्वानानें सुरतेस तीन वर्षें राहून एका दस्तुरापाशीं अध्ययन केलें व १७७१ सालीं अवेस्ताचें पहिलें भाषांतर छापलें. पुढें बुर्नूफ यांनीं यस्नावर विद्वत्तापूर्ण टीका लिहिण्यास आरंभ केला. हीं साधनें मिळवून विल्सनसाहेब अवेस्ताची भाषा शिकले, हस्तलिखितें जमविलीं, आणि १८३३ सालींच वेंदिदाद या ग्रंथावर मुंबईंत जाहीर व्याख्यानें दिलीं.

ही भाषा आपल्या संस्कृताची सख्खी बहीण आहे. संस्कृतांतील यज्ञ तो अवेस्तांतील यस्न. सोम तो हओम. मित्र तो मिथ्र. आणि आपल्याकडे ज्या असुर शब्दास पुढें वाईट अर्थ आला, तोच तेथें अहुर होऊन परमेश्वराच्या नांवांत बसला आहे. एकाच घराच्या दोन शाखा दूर जाऊन एकीचा देव तो दुसरीचा दानव व्हावा, ही गोष्ट विचार करणाऱ्यास पुष्कळ कांहीं सांगते.

वाद ग्रंथांपुरता होता तोंवर तो सौम्य होता. १८३९ सालीं तो घराघरांत शिरला. विल्सनसाहेबांच्या शाळेंत शिकणारे धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनीं त्या वर्षाच्या मे महिन्यांत बाप्तिस्मा घेतला. धनजीभाईंचें वय सोळा-सतरा वर्षांचें होतें. सगळ्या पारशी समाजांत हलकल्लोळ उडाला. मुलगा अज्ञान आहे व त्याला अडकवून ठेविलें आहे असें म्हणून त्याच्या आप्तांनीं सुप्रीम कोर्टांत फिर्याद नेली. न्यायाधीशांनीं मुलाचें म्हणणें ऐकून त्यास वाटेल तिकडे जाण्याची मोकळीक दिली, आणि तो विल्सनसाहेबांच्या घरीं परतला. तिसरा एक तरुण मात्र त्याच्या लोकांनीं परत नेला. शाळा जवळजवळ ओस पडली. पारशी मुलें तर गेलींच, पण इतर समाजांचीं मुलेंही काढून घेतलीं गेलीं.

या प्रसंगाकडे आपण एकाच डोळ्यानें पाहूं नये. ज्या तरुणांनीं घरदार, आप्त व सुदरा-कुस्तीचा संबंध सोडून आपल्या मनाचा कौल पाळला, त्यांचें धैर्य लहान नव्हे. आपल्या मंडळींत ज्यांस गांवकीनें वाळींत टाकिलें त्यांस तें सांगावयास नको. पण ज्या मातापित्यांचा पुत्र कोर्टाच्या पायरीवरून परक्या घराकडे वळला, त्यांचे अश्रूही खरेच होते. ज्या समाजानें धर्मासाठीं देश सोडला व हजार वर्षें परमुलखांत तो जपला, त्यास एक मुलगा गेला म्हणजे पिढी तुटल्यासारखें वाटावें यांत नवल नाहीं. धनजीभाई पुढें विल्सनसाहेबांबरोबर ईजिप्त, सिनाय व पवित्र देश या मार्गें स्कॉटलंडास गेले, तेथें शिकून १८४६ सालीं त्यांस दीक्षा मिळाली, आणि परत आल्यावर १९०८ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं याच देशांत सेवा केली.

पारशी विद्वानांनीं नुसता कोलाहल केला नाहीं. त्यांनीं लेखणीही उचलली. १८४० च्या सुमारास दोसाभाई सोराबजी, दस्तूर एदलजी दाराबजी व आस्पंदियारजी फरामजी यांनीं विल्सनसाहेबांस उत्तर देणारे ग्रंथ लिहिले. त्यांत एकवाक्यता नव्हती; एकानें मान्य केलेलें दुसऱ्यानें नाकारलें. या सर्वांचा परामर्श घेऊन विल्सनसाहेबांनीं पारशी धर्मावरील आपला मोठा ग्रंथ १८४३ सालीं मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत छापविला. त्या विद्वत्तेबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस १८४५ सालीं आपलें सभासद करून घेतलें.

आतां या ग्रंथाचें मोल काय? त्या काळीं उपलब्ध असलेल्या साधनांवर त्याहून अधिक श्रम कोणी केले असते असें वाटत नाहीं. परंतु त्यांतील कांहीं मतें पुढें टिकलीं नाहींत. आंकेतील यांच्या भाषांतरावरून असा समज झाला होता कीं, अहुर मज्द व अहरिमन या दोघांच्याही वर अनंत काळ हें आदितत्त्व पारशी शास्त्र मानितें. विल्सनसाहेबांनीं या मतावर बराच भर दिला होता. १८५९ सालीं मार्टिन हौग हे जर्मन पंडित पुण्याच्या कॉलेजांत संस्कृताचे अध्यापक होऊन आले. त्यांनीं १८६२ सालीं ग्रंथ लिहून दाखविलें कीं, हा समज व्याकरणाच्या चुकीवर उभारलेला आहे. तसेंच यस्नाच्या बहात्तर अध्यायांपैकीं सतरा गाथा या सर्वांत जुन्या भाषेंतील असून जरथुष्ट्राची मूळ शिकवण त्यांतच पाहावयाची, हेंही त्यांनीं प्रतिपादिलें. वेंदिदाद हा पुष्कळ नंतरचा, शुद्धाशुद्धतेच्या नियमांचा ग्रंथ. विल्सनसाहेबांची मुख्य टीका त्याच ग्रंथावर होती; जुन्या गाथांचें रहस्य त्या वेळीं कोणासच नीट उलगडलें नव्हतें. जें हातीं आलें त्यावरून त्यांनीं निर्णय दिला, आणि निर्णय लौकर दिला, एवढें म्हणणें प्राप्त आहे.

पण त्यांच्या श्रमांचें दुसरें एक फळ आलें व तें टिकलें. आपलेच दस्तूर आपल्या ग्रंथाचा अर्थ एकमुखानें सांगूं शकत नाहींत, हें पारशी तरुणांच्या डोळ्यांपुढें उघड झालें. परका मनुष्य आपलें शास्त्र मूळांतून वाचतो आणि आपण मात्र नुसतें म्हणतों, ही बोचणी त्यांस लागली. १८५१ सालीं नवरोजी फर्दुनजी, दादाभाई नवरोजी प्रभृतींनीं धर्मसुधारणेसाठीं रहनुमाए माज्दयस्नन सभा स्थापिली. खरशेदजी रुस्तमजी कामा हे युरोपांत जाऊन अवेस्ता शिकून आले, व १८६१ पासून त्यांनीं मुंबईंत तरुण मोबेदांस तें शास्त्रीय रीतीनें शिकविण्यास आरंभ केला. त्या वर्गांतून विद्वानांची परंपरा निर्माण झाली, आणि त्यांच्या स्मरणार्थ स्थापिलेल्या संस्थेंत आजही जुनीं हस्तलिखितें जतन केलेलीं आहेत. २०११ च्या शिरगणतींत या देशांत पारशी लोकांची संख्या ५७,२६४ भरली. इतक्या लहान समाजास आपला ग्रंथ आज समजून वाचतां येतो, याच्या कारणांत त्यांचे हे पूर्वज मुख्य. तथापि त्यांस जागें करणाऱ्यांत बाणकोटास मराठी शिकलेला तो स्कॉटिश पाळकही होता.

त्यांचें पुढील आयुष्य थोडक्यांत सांगतों. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. गिरनारच्या खडकावरील लेखांच्या नकला त्यांनीं कलकत्त्यास प्रिन्सेप यांच्याकडे पाठविल्या. अशोकाचे लेख उलगडण्यास त्यांचा मोठा उपयोग झाला. त्याच खडकावरील रुद्रदामन राजाच्या लेखांत अशोकाचा अधिकारी म्हणून तुषास्फ असें नांव आलें आहे, आणि तें नांव पारसाकडील आहे, हें विद्वान मानतात. १८४८ सालीं लेण्यांच्या पाहणीसाठीं नेमिलेल्या मंडळाचे ते अध्यक्ष झाले. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेंत त्यांचा हात होता, व १८६८ सालीं ते त्याचे कुलगुरु नेमिले गेले. त्यांच्या नांवानें सुरू झालेल्या भाषाशास्त्रावरील व्याख्यानमालेंत १८७७ सालीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं दिलेलीं व्याख्यानें प्रसिद्धच आहेत. सेहेचाळीस वर्षें या प्रांताची सेवा करून १ डिसेंबर १८७५ रोजीं मुंबईंत त्यांनीं देह ठेविला.

प्रिय बंधुभगिनींनो, आपणांपैकीं पुष्कळांस खेड्यापाड्यांत परधर्मीय शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून बोलण्याचा प्रसंग येतो. त्यांच्या सणांविषयीं, व्रतांविषयीं व देवांविषयीं आपण कित्येक वेळां ऐकीव माहितीवर बोलतों, आणि शेजारी मनांत म्हणतो कीं, याला आमचें कांहींच ठाऊक नाहीं. विल्सनसाहेबांच्या चरित्रावरून दोन गोष्टी घ्याव्या. पहिली ही कीं, शिकल्यावांचून बोलूं नये. ज्यानें मातृभाषा सोडून मराठी व पुढें अवेस्ता शिकण्याचे श्रम केले, त्याच्या बोलण्यास त्याच्या विरोधकांनींही उत्तर देण्यायोग्य मानिलें. दुसरी ही कीं, पुष्कळ शिकलों तरी सगळें कळलें असें समजूं नये. शेजाऱ्याच्या घरांतील सर्वांत जुनी व उत्तम वस्तु बहुधा दारांत मांडलेली नसते. ती दिसेपर्यंत थांबण्याचा धीर ठेवावा. ज्या कोरेश राजास आपल्या शास्त्रांत देवाचा अभिषिक्त म्हटलें आहे, तो याच पारशी लोकांच्या पूर्वजांचा राजा होता. आपल्या लोकांच्या उपयोगासाठीं परमेश्वरानें परक्या राजाचा हात धरिला, हें ज्यांस मान्य आहे, त्यांनीं परक्याच्या ग्रंथाकडे तुच्छतेनें पाहणें शोभत नाहीं. सत्य सांगावयाचें तें सांगावेंच. पण ऐकून, समजून व नम्रपणें सांगावें.